तुटायला हवी होती ती पिन

अरुण भाऊजींनी मला फसवलं. बर्फ उडवायचं त्यांचं जुनं मशीन त्यांनी मला विकलं, त्यातली एक गोष्ट सांगितली नाही, आणि त्यापायी माझी अख्खी गल्ली गेली. हे मी गुळमुळीतही लिहू शकले असते, 'थोडा गैरसमज झाला' वगैरे. पण गैरसमज झालेला नाही. मला सगळं अगदी नीट समजलेलं आहे.

गेल्या वर्षी मंडळाच्या याच दिवाळी अंकात भाऊजींनी टेक्सासमधल्या प्लेनोहून एक विनोदी लेख पाठवला होता. त्यात एक 'वहिनी' होती. तिने हळदीकुंकवाच्या दिवशी मशीनला बूट खाऊ घातला. नाव लिहिलं नव्हतं, पण ॲन आर्बरमध्ये ड्राइव्हवेचा बर्फ काढायचा धंदा करणारी वहिनी एकच आहे. लोकांनी मला इंडियन ग्रोसरीच्या रांगेत गाठून सांगितलं, "मावशी, तुमच्यावरचं वाचलं, काय हसलो यार!" हसा. लेख खरंच झकास होता. त्यात मशीन होतं, बूट होता, मी होते. फक्त बोल्ट नव्हते. ते मी यंदा लिहिते.

धंद्यात कशी आले ते दोन वाक्यांत सांगते. नवऱ्याच्या, विनायकच्या, नोकरीमुळे जळगावहून इकडे आले. मला काम करायची परवानगी मिळेपर्यंत इतकी वर्षं गेली की मुलाखतीत सगळे माझ्या बी.कॉम.कडे जुन्या नाण्यासारखं बघायचे. शेजारच्या म्हाताऱ्याचा ड्राइव्हवे मी शेजारधर्म म्हणून फावड्याने साफ करत होते. त्याच्या बहिणीने विचारलं, माझा करशील का, काय घेशील? 'काय घेशील' हा प्रश्न मला कोणी विचारला की मी जागी होते. बर्फ मी जळगावात फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिला होता, पण भाव करणं लहानपणापासून येत होतं.

बाहेरच्यांना वाटतं, बर्फ काढायचा तर त्यात निवडायचं काय? निवडण्यातच सगळा धंदा आहे. चार हत्यारं असतात. पहिलं फावडं. पायऱ्या, दारापुढची जागा, दोन गाड्यांमधली फट ही फावड्याचीच. तिथे दुसरं काही चालत नाही. दुसरं, लहान मशीन. त्याची रबरी पाती जमिनीला घासत फिरतात आणि बर्फ बाजूला फेकतात. हलकं असतं, मी एकटी ट्रेलरवर चढवते. कोवळा बर्फ असला तर अंगण झाडल्यासारखं साफ करतं. तिसरं मोठं मशीन. त्याच्या तोंडात लोखंडी दातांची फिरकी असते, तिला ऑगर म्हणतात. ती बर्फ फोडून आत ओढते आणि मागचा पंखा तो नळकांड्यातून लांब भिरकावतो. चौथा, पिकअप ट्रकच्या नाकाला लावलेला नांगर.

नांगरवाला सगळ्यांत झटपट. गाडीतून उतरतही नाही, कॉफी सांडत नाही. पण नांगर बर्फ उडवत नाही, ढकलतो. ढकललेला बर्फ कुठे तरी ठेवावा लागतो, म्हणजे तुमच्या लॉनवर. वसंतात डोंगर वितळला की खाली लॉनची सालं निघालेली दिसतात. ज्यांनी हौसेने महागडी फरशी बसवली आहे ते नांगर दिसला तरी दार उघडून ओरडतात. तेच माझं गिऱ्हाईक.

या कामात सगळ्यांत वाईट जागा म्हणजे ड्राइव्हवेचं तोंड, जिथे तो रस्त्याला मिळतो. तुम्ही आत सगळं लख्ख करता, तेवढ्यात सिटीचा नांगर रस्ता साफ करत येतो आणि तुमच्या तोंडाशी बांध घालून जातो. तो बर्फ नसतो. मीठ, पाणी आणि चिखल मिसळून थिजलेला तो दगड असतो. लहान मशीन त्याला नाक लावतं आणि मागे सरकतं. तिथे मोठंच पाहिजे. पण फार मोठंही नको, दोन गाड्यांमधून जाईल एवढंच. मी दुकानात टेप घेऊन जाते. सेल्समन इंजिनची ताकद सांगत असतो, मी जाड हातमोजे घालून नळकांड्याचा दांडा फिरतो का ते बघते. बिनहातमोज्यांनी सगळीच मशीनं छान चालतात.

बॅटरीवरचं मशीन घ्या, असं मला सांगणारा एक प्रोफेसर होता. त्याचं सकाळी ध्यान असायचं, इंजिनचा आवाज चालायचा नाही. मी हौसेने एक आणलं. आवाज नाही, धूर नाही, आणि थंडी वाढली की दुसऱ्या ड्राइव्हवेनंतर जीवही नाही. त्याला म्हटलं, "सर, आता मशीनच ध्यानाला बसलं."

आपली मराठी गिऱ्हाइकं निराळी. करारात लिहिलेलं असतं, दोन इंच पडला की मी येणार आणि फेरीचे पैसे लावणार. मग आपली माणसं पट्टी घेऊन बाहेर येतात. एक डॉक्टर मुलाची शाळेची पट्टी घेऊन यायचे आणि मॅपलच्या झाडाखाली, जिथे कमी पडतो, तिथे मोजायचे.

"ताई, पावणेदोन आहे. आजची फेरी धरू नका."

"डॉक्टर, तुम्ही पेशंटचा ताप पायाच्या अंगठ्याला मोजता का?"

ते हसले. फेरी धरली.

आता गल्लीकडे येते. शहराच्या कडेला शेवट बंद असलेली एक गल्ली आहे, गोल वळणाभोवती एकाला एक लागून घरं. माझी मैत्रीण वैशाली तिथे राहते. माझी बाकीची घरं गावभर विखुरलेली होती, आणि या धंद्यात वेळ बर्फ खात नाही, ट्रेलर खातो. मशीन उतरवा, काम करा, चढवा, पट्टे बांधा, पुढच्या घरी जा, पुन्हा उतरवा. एक गल्ली सलग मिळाली की मशीन एकदा उतरवायचं आणि दार ते दार चालत जायचं. बर्फवाल्याला अशी गल्ली म्हणजे शेतातून गेलेला पाट. ती मला हवी होती. इतकी हवी होती की मी वैशालीला महिनाभर दर भेटीत तेच सांगत होते.

गल्लीचा निर्णय कॅरलच्या हातात होता. कॅरल म्हणजे वैशालीची समोरची शेजारीण, निवृत्त शिक्षिका, गल्लीतल्या घरमालकांच्या असोसिएशनची अध्यक्ष. तिने माझ्या अंगणात शांतपणे उभं राहून माझी मशीनं पाहिली आणि म्हणाली, जानेवारी महिना काम करून दाखव; एकही घर अडलं नाही तर पुढचे सगळे हिवाळे तुझे. मी हो म्हटलं. पण माझ्याकडचं मोठं मशीन तेव्हा शेवटच्या घटका मोजत होतं.

त्याच सुमारास अरुण भाऊजी प्लेनोला निघाले. भाऊजी विनायकचे जुने मित्र. डेट्रॉइटकडच्या एका मोटार कंपनीत इंजिनियर होते, निवृत्त झाले, मुलगी तिकडे म्हणून तिकडे चालले. घर विकलं, सामान विकायला काढलं. त्यात मोठं, जवळजवळ नव्यासारखं बर्फाचं मशीन.

आम्ही त्यांच्या गॅरेजमध्ये गेलो. मी आधी इंजिनवर हात ठेवला. गरम असलं तर समजायचं, आपण यायच्या आधी विकणाऱ्याने चालू करून ठेवलंय, म्हणजे थंड मशीन चालू होत नाही. गार होतं. दोरी ओढली, दुसऱ्या ओढीला सुरू झालं. पट्टा बघितला, चाकं बघितली. तोंडाखाली दोन पट्ट्या असतात, त्यांवर मशीन घसरत चालतं. त्यातली एक झिजलेली निघाली. मला मनातून आनंद झाला. भाव पाडायला काही तरी लागतंच.

"वहिनी, हे मशीन नाही, हत्ती आहे हत्ती!"

"हत्ती एका पायाने लंगडतोय, भाऊजी."

"अहो, पाच हिवाळे वापरलंय. तीन वर्षांत एकदाही पिन तुटलेली नाही! नंदाला विचारा."

नंदावहिनी खोकी बांधत होत्या. "मला काही विचारू नका. मी त्या मशीनशी बोलत नाही."

विनायक एव्हाना गाडीत जाऊन बसला होता. मी भाव करायला लागले की तो गाडीत बसतो. लग्नाचा शालू घेताना आमच्याकडे गाडी नव्हती, तेव्हा तो दुकानाबाहेर उभा होता. मी भाऊजींना झिजलेल्या पट्टीवरून खाली आणलं, 'प्लेनोत याचं काय लोणचं घालणार' असं म्हणून आणखी खाली आणलं. आकडा लिहीत नाही, कारण भाऊजींचे जावई हा अंक वाचतात आणि त्यांना वेगळा आकडा सांगितलेला आहे. वर मशीनचं कव्हर घेतलं, पेट्रोलचा कॅन घेतला, आणि कोपऱ्यात पुरणयंत्र दिसलं तेही मागितलं.

"पुरणयंत्र नाही हं!" नंदावहिनी पहिल्यांदा वळून म्हणाल्या.

"राहू दे, राहू दे. मग पट्टीचं तेवढं कमी करा."

"घेऊन जा बाई ते यंत्र," भाऊजी म्हणाले. नंदावहिनी भाऊजींकडे ज्या नजरेने बघत होत्या, त्यावरून प्लेनोचा प्रवास कसा झाला असेल याची मला कल्पना आहे.

आता पिन. ही गोष्ट नीट कळली नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. ऑगर आपल्या दांड्याला एका बारीक, मऊ धातूच्या पिनेने अडकवलेली असते. प्रत्येक बाजूला एक. ऑगरमध्ये दगड, गोठलेलं वर्तमानपत्र, कुणाचं खेळणं असं काही अडकलं की ती पिन मुद्दाम तुटते. ऑगर थांबते, इंजिन आणि गिअर वाचतात. तुम्ही अडकलेली वस्तू काढता, खिशातली नवी पिन घालता, कामाला लागता. पिन म्हणजे घरातला फ्यूज. जळगावला आमच्या शेजारी एक गृहस्थ होते, फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यांनी त्यात जाड तार घातली होती. फ्यूज पुन्हा कधी उडाला नाही. एके दिवशी भिंतीतलं वायरिंग जळालं. तेव्हा पिन तुटणं हा मशीनचा दोष नाही, गुण आहे. 'तीन वर्षांत एकदाही तुटली नाही' हे ऐकून मला वाटलं, माणूस मशीन जपून वापरतो.

जानेवारीत सुरुवातीचे दोन बर्फ छान गेले. कॅरल खिडकीतून बघायची, मी हात करायची. मग संक्रांतीनंतरच्या शनिवारी वैशालीकडे हळदीकुंकू ठरलं आणि सकाळपासून बर्फ लागला. थांबेचना. मी ठरवलं, दुपारी गल्लीची दुसरी फेरी करायची, शेवटचं घर वैशालीचं, आणि तिथूनच आत जायचं. आत काळी साडी, वर ओव्हरऑल, पदर खिशात कोंबलेला. टेक्सासच्याच शुगर लँडहून भावाचा फोन आला, "ताई, आम्ही इकडे एसी लावून बसलोय." मी फोन कापला.

सिटीचा नांगर नुकताच बांध घालून गेला होता. वैशालीकडच्या पाहुण्यांच्या गाड्या निघण्याआधी तोंड फोडायला हवं म्हणून मी क्रम बदलला. तिचं घर आधी घेतलं. तोंड फोडलं, आत आले, गॅरेजच्या दाराशी वळले. तिथे भिंतीलगत वाऱ्याने बर्फाचा लांबट ढीग साठला होता. नेहमीच साठतो. मी मशीन त्यात घातलं.

त्या ढिगाखाली बायकांचे बूट होते.

इथे आमच्याकडे थंडीत पादत्राणं गॅरेजमध्ये काढतात. पण त्या दिवशी गॅरेजमध्ये टेबलं मांडून नवरेमंडळी जेवत होती. म्हणून वैशालीने चटया टाकून बूट बाहेर, पत्र्याच्या आडोशाला ओळीने मांडून घेतले, जसे आपल्याकडे दाराबाहेर असतात. पत्र्याचा आडोसा वाऱ्याला पुरला नाही. मला कोणी सांगितलं नाही, सांगायचं कुणाला सुचलंही नाही.

आधी धप्प झालं. मग मशीनच्या पोटातून 'कडाक्' असा आवाज आला आणि ऑगर थांबली. इंजिन बंद केलं. ऑगरमध्ये गुडघ्यापर्यंतचा एक लाल बूट पिळून बसला होता. मी घाबरले नाही. दांड्याने बूट ओढून काढला आणि खिशातून नवी पिन काढत वाकले.

पिन शाबूत होती. दुसऱ्या बाजूचीही. मी हातमोजा काढून बोट फिरवलं. पिनेच्या डोक्यावर चांदणीसारख्या रेघा. तशा रेघा मऊ पिनेवर नसतात, त्या कडक पोलादी बोल्टावर असतात, पूल बांधायच्या लायकीच्या. ऑगर हाताने हलवली तर ती गरगर सैल फिरली. आतला गिअर फुटला होता.

मी तिथेच बर्फात बसून प्लेनोला फोन लावला.

"भाऊजी, मशीनला बोल्ट कुठले आहेत?"

"हां, ते! ते मी अपग्रेड केले, वहिनी. कंपनीचं डिझाइन फार वीक होतं. सारख्या तुटायच्या पिना."

"तुम्ही तर म्हणालात, एकदाही तुटली नाही."

"अपग्रेड केल्यापासून एकदाही नाही!"

त्यांच्या आवाजात अभिमान होता. माणूस खोटं बोलला नव्हता, म्हणून माझा राग दुप्पट झाला. मी त्यांना जे बोलले ते छापायला संपादक तयार नाहीत. शेवटी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही जन्मभर गाडीची सीट मागेपुढे सरकवायचं डिझाइन केलंत. तीच सरकवायची होती. माझ्या मशीनला कशाला हात लावलात?"

"वहिनी, मी हात लावला तेव्हा ते माझं मशीन होतं," ते म्हणाले. मी फोन बंद करून ओव्हरऑलच्या खिशात कोंबला.

तेवढ्यात घराचं दार उघडलं आणि हळदीकुंकू लावलेली कॅरल बाहेर आली. वैशालीने तिला आवर्जून बोलावलं होतं. एका हातात तिळगुळाची पुडी, दुसऱ्या हातात वाण म्हणून मिळालेली स्टीलची गाळणी, पायात नुसते मोजे. सगळ्या बायकांनी बूट बाहेर काढलेले पाहून तिनेही शहाण्या पाहुणीसारखे बाहेर काढले होते. ती माझ्या मांडीवरच्या लाल बुटाकडे बघत राहिली.

"ओ डिअर," ती म्हणाली.

मग आतून सगळ्या आल्या. पैठण्या, इरकली, वर फुगीर जॅकेटं, पायात नवऱ्यांचे बूट, आणि जिला जे मिळालं ते घेऊन ढीग उकरायला सुरुवात. कुणी फावडं, कुणी केराची सुपली, एका काकूंनी तर पुलावाचा डाव. "अगं, हा माझा डावा!" "माझा ब्राऊन, चेनवाला, सापडला का?" गॅरेजमधून नवरे सूचना करत होते. "जरा तिरका धरा." वैशालीची मुलगी व्हिडिओ काढत म्हणाली, "मॉम, धिस इज सो एम्बॅरसिंग." मलाही हसू येत होतं. भाऊजींनी लेखात नेमकं इथवरचं लिहिलं, दुसऱ्यांकडून ऐकून, आणि इथेच संपवलं.

पण गल्ली उरली होती. बाकी सगळ्या घरांच्या तोंडाशी सिटीचे बांध आणि माझ्याकडे लहान मशीन आणि फावडं. बायकांनी मदत केली, खरंच केली, पण साडी नेसून गोठलेला चिखल किती उचलणार? अंधार पडायला लागला तेव्हा निम्म्या घरांची तोंडं बंद होती. एक माणूस कामावरून आला आणि गाडी रस्त्यावरच उभी करून चालत घरी गेला. कॅरल वैशालीच्या नवऱ्याचे मोठाले बूट घालून खिडकीशी उभी होती. मऊ पिना असत्या तर मी बूट काढून, पिन घालून, तिळगूळ खाऊन घरी गेले असते.

दुसऱ्या दिवशी तिला भेटायला गेले. नवे बूट घेऊन गेले, तिने घेतले नाहीत. "बूट काय, बूटच असतात," म्हणाली. मी तिला पिना समजावल्या, फ्यूज समजावला, जळगावचे शेजारीसुद्धा समजावले. ती मान हलवत ऐकत होती, तीस वर्षं गृहपाठाची कारणं ऐकलेल्या माणसाची मान. मग माझा हात थोपटून म्हणाली, "यू शुड टेक बेटर केअर ऑफ युवर मशीन्स, डिअर."

मला! जी बर्फ संपला की प्रत्येक मशीन पुसते, सीझन संपला की पेट्रोल रिकामं करते, ऑगरचा दांडा गंजू नये म्हणून पिन काढून ग्रीस भरते. भाऊजींच्या मशीनला तेवढं करायचं बाकी होतं, ते ऐन सीझनमध्ये आलं होतं.

फेब्रुवारीपासून गल्ली नांगरवाल्याला गेली. भाऊजींनी मागाहून गिअरबॉक्सचे पैसे देऊ केले, मी घेतले नाहीत. पैसे घेतले की बोलणं संपतं, आणि मला संपवायचं नव्हतं. मशीन दुरुस्त केलं, मऊ पिना घातल्या, आजही चालतं, बरं चालतं. जुनं मशीन घेणाऱ्यांना माझा एकच सल्ला आहे: इंजिन नंतर ऐका, आधी खाली वाकून पिनेचं डोकं बघा. आणि विकणारा इंजिनियर असेल तर दोनदा वाका.

गल्लीवरून मी अजून जाते, ट्रेलर ओढत, गावभर विखुरलेल्या घरांकडे. कॅरल खिडकीतून हात करते. छान हसते. माझ्याबद्दल तिचं मत तेच आहे.

म्हणून, भाऊजी, आता थेट तुम्हालाच. तुम्ही दर जुलैत इकडे येता, लॉनवर बसून आंबा खाता आणि मिशिगनचं हवामान किती सुंदर म्हणून जाता. येत्या जानेवारीत या. हळदीकुंकू या वेळी माझ्याकडे आहे. बूट आत ठेवायची व्यवस्था केलेली आहे. कॅरल येणार आहे, मी स्वतः जाऊन सांगून आले. तिच्यासमोर उभं राहून, तिला कळेल अशा इंग्रजीत, तुम्ही सांगायचं की ते बोल्ट तुम्ही घातले, विकताना मला सांगितलं नाही, आणि मशीन सांभाळण्यात या बाईची काडीची चूक नव्हती. तीन वाक्यं आहेत. लेख एवढा लांब लिहिता आला, तर तीन वाक्यं जड नाहीत.

कुठल्या विमानाने येताय ते कळवा. विमानतळावर घ्यायला मी स्वतः येते.